जर्मन भाषक मुलखातल्या लोकपरंपरा आणि कारागिरी: तुम्ही काय पाहिलंत, कुठे पाहिलंत?

कातरवेळ

युरोप सहलींचे धागे इथे पुष्कळ आहेत. त्यातलं जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड म्हणजे बहुतेक वेळा युंगफ्राऊ, राइनचा धबधबा, नॉयश्वानश्टाइनचा किल्ला आणि ब्लॅक फॉरेस्टमधलं कुकू घड्याळांचं दुकान. आम्ही मानहाइमला राहतो आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हेच फिरवून आणतो. यंदा नोव्हेंबरअखेरीस आई-बाबा येताहेत, ते जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत राहतील. बाबांची सगळी हयात सावंतवाडीला कातकामात गेली. पंगाऱ्याची फळं, पोळपाट-लाटणी, लाखेचे रंग. डोंगर आणि राजवाडे त्यांना फार वेळ धरून ठेवत नाहीत, पण कुठे चालता लेथ दिसला की ते तिथून हलत नाहीत.

तर प्रश्न असा. तिथली माणसं पर्यटकांसाठी नव्हे, स्वतःसाठी जे सण, सोंगं, रीतिभाती अजून पाळतात, आणि हाताने जी कामं अजून करतात, त्यातलं तुम्ही काय पाहिलंत? थंडीत काय बघता येईल? आणि अशा ठिकाणी परक्याने जावं का, गेलं तर कसं वागावं? माझं स्वतःचं मत असं की मुलूख बघायचा तर त्याच्या सणाला आणि त्याच्या कामाच्या जागी बघावा. पण बघ्यांची गर्दी झाली की सणाचं काय होतं हेही मनात येतं. मोकळेपणाने लिहा.

तळ्यातमळ्यात

वाचनखूण साठवली आहे. वाचतेय.

घाटवाटा

धागा उत्तम. पण कुकू घड्याळाला इतक्या पटकन बाजूला सारू नका, ती अस्सल कारागिरी आहे, फक्त चुकीच्या जागी बघितली जाते. दुकानाऐवजी फुर्टवांगेनच्या घड्याळ संग्रहालयात जा. ब्लॅक फॉरेस्टमधले शेतकरी हिवाळ्यात बर्फामुळे अडकून पडायचे, त्या महिन्यांत घरोघरी लाकडी चाकांची घड्याळं तयार व्हायची आणि पाठीवरच्या चौकटीत लादून फेरीवाले ती दूरदेशी विकायचे. ती पाठीवरची चौकट बघताना खांदे दुखायला लागतात.

आपल्याला माहीत असलेला घराच्या आकाराचा कुकू मात्र शेतकऱ्याच्या डोक्यातून आलेला नाही. १८५० मध्ये फुर्टवांगेनच्या घड्याळशाळेने नव्या नमुन्यांसाठी आवाहन केलं, तेव्हा फ्रीडरिश आयझेनलोर या वास्तुविशारदाने रेल्वे रखवालदाराच्या चौकीच्या धर्तीवर नमुना दिला. तो रेल्वेच्या इमारती बांधणारा माणूस. पुढे त्यावर वेली, पानं, पक्षी कोरले जाऊ लागले. आणि तो आवाज कसा येतो ते उघडून दाखवतात तिथे बघा: आत दोन छोटे भाते, प्रत्येकावर एक शिट्टी, एक उंच सुराची, एक खालच्या. भाते पाठोपाठ उचलून सोडले की 'कुक्-कू'.

चिमणचारा

@घाटवाटा, हे सगळं खरं असेल, पण आमच्या टूरची बस ज्या दुकानापाशी थांबवली तिथून घेतलेलं घड्याळ बॅटरीवर चालतं आणि आतला पक्षी रेकॉर्ड केलेला आवाज काढतो. विकताना 'पारंपरिक' म्हणून विकलं. वजनं शोभेची आहेत, साखळी हलतसुद्धा नाही. सासूबाई अजून त्या किमतीचा हिशोब काढतात.

घाटवाटा

@चिमणचारा, म्हणूनच तर सांगतोय. घेणाऱ्याने एवढं बघावं: वजनं खरोखर खाली उतरतात का? यांत्रिक घड्याळात एकतर रोज साखळी ओढावी लागते किंवा आठ दिवसांनी. 'फेराइन डी श्वार्त्सवाल्डउअर' या संघटनेचं प्रमाणपत्र असेल तर घड्याळ यांत्रिक आहे आणि ब्लॅक फॉरेस्टमध्येच बनलंय याची खात्री. मागायला लाजू नका, चांगला दुकानदार आपणहून दाखवतो.

तिथेच गुटाखला जुन्या शेतघरांचं खुलं संग्रहालय आहे. लोकरीचे मोठे गोंडे लावलेली बोलेनहूट ही टोपी सगळ्या ब्लॅक फॉरेस्टची खूण म्हणून पोस्टरवर छापतात, पण ती मुळात फक्त गुटाख, किर्नबाख आणि राइशेनबाख या तीन गावांची. गोंडे चौदा. लाल म्हणजे अविवाहित, काळे म्हणजे लग्न झालेली. वजन दोन किलोपर्यंत जातं. सणाच्या मिरवणुकीत मुली ती तासन्‌तास डोक्यावर घेऊन ताठ चालतात, ते बघण्यासारखं असतं.

स्वाती_बाझेल

कातरवेळ, तुमच्या तारखांत बसणार नाही, तरी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या फास्नाख्टबद्दल, म्हणजे तिथल्या कार्निव्हलबद्दल, लिहिल्याशिवाय राहवत नाही. पुढच्या खेपेला ठेवा.

अ‍ॅश वेन्सडेनंतरचा, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ ज्या बुधवारी सुरू होतो त्यानंतरचा, सोमवार. पहाटेचे चार. चारच्या ठोक्याला जुन्या शहरातले सगळे दिवे घालवतात. काळोख. आणि त्याच क्षणाला सगळीकडून एकदम ढोल आणि पिकोलो बासऱ्या सुरू होतात. माणसांच्या वर तरंगत येतात ते कंदील, काही हातात, काही डोक्यावर बांधलेले, आणि एकेका मंडळाचा एक प्रचंड, चार माणसांनी खांद्यावर घेतलेला. त्यावर त्या वर्षीच्या कुठल्या तरी राजकारण्याची किंवा गावातल्या भानगडीची रंगवलेली टर. याला मॉर्गेश्ट्राइख म्हणतात. पुढे तीन दिवस शहर फक्त याचंच असतं. पहाटे भाजलेल्या पिठाचं सूप आणि कांद्याचा टार्ट खायचा, तोही उभ्या-उभ्या. २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, पण बाझेलकरांना त्याचं फार अप्रूप नाही, त्यांना स्वतःच्या मंडळाच्या बासरीचा सराव जास्त महत्त्वाचा.

परक्याने कसं वागावं याची तिथे अगदी ठरलेली रीत आहे. बघ्यांनी सोंग घ्यायचं नाही, तोंड रंगवायचं नाही. मॉर्गेश्ट्राइखला फ्लॅश मारायचा नाही. जमिनीवर पडलेले कागदाचे तुकडे, ज्यांना रेप्ली म्हणतात, उचलून परत उधळायचे नाहीत. पिशवीत एकाच रंगाचे रेप्ली असतात, मिसळ रंग दिसले की लोकांना कळतं की रस्त्यावरून उचललेत. आणि छातीला त्या वर्षीचं धातूचं पदक विकत घेऊन लावायचं, कारण त्या पैशावर मंडळांचा खर्च भागतो. पदक नसेल तर डोक्यावर रेप्लीचा पाऊस पडतो, तक्रार करता येत नाही.

वाटाड्या

फास्नाख्टचा विषय निघालाच आहे तर जर्मन बाजूचं रोटवाइल. अ‍ॅश वेन्सडेच्या आधीच्या सोमवारी सकाळी आठला श्वार्त्सेस टोअर या वेशीतून सोंगं उड्या मारत बाहेर पडतात. मुखवटे लिंडेनच्या लाकडाचे, कित्येक पिढीजात, घरात जपून ठेवलेले. बाप मुलाला देतो. त्यातला एक प्रकार लांब काठीवर भार देऊन हवेत झेप घेतो. दुसरे काही हातात एक वही घेऊन हिंडतात, त्यात ओळखीच्या माणसांच्या वर्षभरातल्या फजितींची चित्रं असतात. बघ्यांत तो माणूस दिसला की वही उघडून त्याच्यासमोरच वाचन. ज्याची फजिती वाचली गेली तो खूश असतो, कारण गावाने आपली दखल घेतली.

झाल्त्सबुर्गकर

थंडीत येणाऱ्याने ५ डिसेंबर सोडू नये. क्राम्पुस. सेंट निकोलस मुलांना सुकामेवा, सफरचंद देतो आणि त्याच्याबरोबर शिंगं, केसाळ कातडी आणि कमरेला मोठाल्या घंटा लावलेले क्राम्पुस येतात. ऑस्ट्रियातल्या गास्टाइनच्या खोऱ्यात अजून ते निकोलससकट घरोघरी जातात. स्वयंपाकघरात टेबल भिंतीला सरकवून ठेवतात, नाहीतर ते उलथतं. मुखवटा लिंडेनचा किंवा आल्प्समधल्या झिर्बे या पाइनचा, शिंगं खऱ्या बोकडाची. एका कोरणाऱ्याच्या शेडमध्ये मी अर्धवट मुखवटा हातात घेतला होता. आतली बाजू बाहेरच्या बाजूइतकीच मन लावून पोखरलेली होती, कारण माणसाला त्यात श्वास घेत डोंगर चढायचा असतो.

पेर्ख्टन ही सोंगं निराळी, लोक दोन्हींची गल्लत करतात. ते नाताळ ते ६ जानेवारी या बारा रात्रींचे. या रात्रींत घरात, गोठ्यात धुपाचं पात्र फिरवतात.

चिमणचारा

मी एकदा मुलीला घेऊन असल्या मिरवणुकीला गेले होते, ती पुढे कितीतरी रात्री दचकून उठायची. बांधीव कठडे होते, तरी एकाने कठड्यावरून हात घालून छडीने पायावर मारलं. दारूचा वास येत होता. परंपरा म्हणून हे सगळं चालवून घ्यायचं का?

झाल्त्सबुर्गकर

@चिमणचारा, दारू पिऊन मारामारी करणाऱ्यांचं समर्थन मी करणार नाही, इथले गावकरीही करत नाहीत. म्हणून तर आता पुष्कळ ठिकाणी प्रत्येक सोंगाला क्रमांक लावायला लावतात. पण मोठी शहरी मिरवणूक आणि खोऱ्यातली घरोघरची फेरी यात फरक करा. घरी येणाऱ्या क्राम्पुसला मुलं आवाजावरून ओळखतात, तो शेजारचा दादा असतो. निकोलस एका शब्दाने त्याला थांबवतो. भीती आणि तिला आवरणारा, दोघं एकाच दारातून आत येतात. पाच वर्षांखालच्या मुलांना रस्त्यावरच्या मिरवणुकीला नेऊ नका, एवढं मात्र ठासून सांगेन.

अरण्यक

माझं मत धागाकर्त्यांपेक्षा वेगळं आहे. घरोघरी जाणाऱ्या सोंगांच्या मागे परक्यांनी हिंडूच नये. गावात साठ घरं आणि बघे सहाशे, मग ज्याच्यासाठी ते सोंग आहे तो म्हातारा शेतकरी मागच्या रांगेत. ज्या गोष्टी चौकात होतात त्या बघा. ज्या उंबरठ्यावर होतात त्या त्यांच्याकडे राहू द्या.

हेमंतऋतू

@अरण्यक, तुमचा मुद्दा मनाला लागला, पण पूर्ण मान्य नाही. आम्ही स्वित्झर्लंडमध्ये सेंट गालनजवळ राहतो, उर्नेश हे गाव आमच्यापासून फार लांब नाही. तिथे सिल्वेश्टरख्लॉइझे, म्हणजे वर्षअखेरीची सोंगं, ३१ डिसेंबरला येतात आणि परत १३ जानेवारीला, कारण जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे वर्ष त्या दिवशी संपतं आणि आपेन्सेलच्या या भागाने नव्या पंचांगानंतरही ती तारीख सोडली नाही.

आम्ही एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे पहाटे थांबलो होतो. बर्फात आधी फक्त घंटांचा आवाज, मग उतारावरून एका ओळीत येणारे ख्लॉइझे. 'सुंदर' म्हणतात त्यांच्या डोक्यावर ताटाएवढा नव्हे, चांगला परातीएवढा शिरपेच, त्यावर लाकडात कोरलेला आख्खा देखावा: चीज करणारा गवळी, लाकूडतोडे, लग्नाचं वऱ्हाड. भोवती हजारो मणी शिवलेले. तो करायला महिनोन्‌महिने जातात, रात्री जेवणं झाल्यावर बसून. दुसरे 'कुरूप', ते गवत, पालापाचोळा, कातडी पांघरलेले. दारासमोर येऊन ते आधी अंग घुसळून घंटा वाजवतात, मग एकदम स्तब्ध होतात, आणि गोल करून शब्दांवाचून गायला लागतात. या गाण्याला त्सॉयर्ली म्हणतात. एक जण सूर लावतो, दुसरा त्यावर चढतो, बाकीचे खालून नुसता आधार धरतात. तीनदा गातात. शेतकरी मुखवट्याच्या भोकातून नळीने त्यांना वाइन पाजतो, हात हातात घेऊन नवीन वर्षाच्या शुभेच्छा, आणि पुढच्या घराकडे.

शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आम्ही चार माणसं भिंतीशी उभी होतो, त्याने त्याचं काही बिघडलं असं मला वाटत नाही. बसने येणाऱ्यांचा लोंढा वेगळा. ३१ तारखेला तो असतो. १३ जानेवारीला बाहेरचे लोक कमी, मंडळी आपापसात असतात.

अरण्यक

ओळखीच्या घरी थांबून बघणं म्हणजे पाहुणा होणं. त्याला माझा विरोध नाहीच. 'नकाशावर शोधा आणि कॅमेरा घेऊन मागे लागा' याला आहे.

मिठागर

आम्ही फोरार्लबेर्गमध्ये आहोत, ऑस्ट्रियाच्या अगदी पश्चिम टोकाला. इथे अ‍ॅश वेन्सडेनंतरच्या पहिल्या रविवारी 'फुंकेन' पेटवतात. लाकडाच्या फळ्यांचा उंचच उंच मनोरा, टोकावर चेटकिणीचा बाहुला, त्याच्या पोटात फटाक्याची दारू भरलेली. ज्वाळा वर पोचली की बाहुला फुटतो आणि लोक टाळ्या वाजवतात. हिवाळा संपला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा हात आपोआप तोंडाकडे गेला, अगदी होळी. तारीखही आपल्या होळीच्या आगेमागेच पडते. आदल्या रात्री मनोऱ्यावर पहारा ठेवतात, कारण शेजारच्या गावची पोरं आधीच पेटवून पळतात. गोड तळलेल्या पुऱ्यांसारखे फुंकेनक्युश्ले मिळतात, ते सोडू नका.

तळ्यातमळ्यात

पहारा ठेवूनही लाकडं पळवतात म्हणजे होळीच नक्की :)

मिठागर

@तळ्यातमळ्यात, लाकडं पळवायची ती बव्हेरियात. मे महिन्याच्या खांबासाठी तोडलेलं झाड शेजारचं गाव चोरून नेतं आणि ते सोडवून आणायला बिअर आणि जेवण द्यावं लागतं. वाटाघाटी अगदी गंभीरपणे चालतात. एकदा खांब उभा राहिला की मग चोरायचा नाही.

बाहुल्याबद्दल मात्र इथेही वाद आहे. चेटकिणी ठरवून खऱ्या बायका याच मुलखात जाळल्या गेल्या, तेव्हा बाई जाळायची कशाला, असं म्हणणारे आहेत. मला त्यांचं पटतं. बाहुल्यावाचूनही जाळ तेवढाच सुंदर दिसतो.

निळाई

कारागिरीकडे परत येऊ या. मी वस्त्रकलेची विद्यार्थिनी, नागपूरची, सध्या व्हिएन्नात. ब्लाउड्रुक, म्हणजे निळीतली ठसाछपाई, बघायला ऑस्ट्रियात बुर्गेनलांडमधलं श्टाइनबेर्ग आणि अपर ऑस्ट्रियातलं बाड लेओनफेल्डन ही दोन ठिकाणं. २०१८ मध्ये युनेस्कोने ऑस्ट्रिया, जर्मनी, चेकिया, हंगेरी आणि स्लोव्हाकिया यांच्या नावावर एकत्र ही कला नोंदवली.

पद्धत अशी: पेअरच्या लाकडाचा ठसा, नक्षीत पितळी पट्ट्या आणि खिळे ठोकलेले. त्याने कापडावर रंग नव्हे, रंग अडवणारा लगदा छापायचा. त्यात चिकणमाती आणि डिंक असतो, बाकीचं घराण्याचं गुपित. कापड वाळलं की लोखंडी चक्रावर ताणून निळीच्या खोल हौदात सोडायचं. वर काढलं तेव्हा ते पिवळट हिरवं होतं. माझ्या डोळ्यांसमोर हवा लागत गेली आणि कडेपासून निळं चढत गेलं. परत बुडी, परत हवा, हवा तितका गडद होईपर्यंत. शेवटी लगदा धुऊन काढला की पांढरी फुलं उमटतात.

यातली नीळ आपल्याकडची. युरोपात आधी वोड नावाच्या झाडापासून निळा रंग काढत, थुरिंगियातलं एर्फुर्ट त्यावर श्रीमंत झालं. हिंदुस्थानची नीळ जहाजांनी येऊ लागली तेव्हा वोडवाल्यांनी इतकी ओरड केली की सोळाव्या शतकात तिला सैतानाचा रंग म्हणून बंदी घातली गेली. बंदी टिकली नाही, निळीचं बळ कितीतरी पट जास्त. आणि मग १८९७ मध्ये जर्मनीच्याच बास्फ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि आपल्या निळीचा व्यापार बसला. चंपारणच्या शेतकऱ्यांच्या हालांच्या मागे हा धागाही आहे. श्टाइनबेर्गच्या हौदाशी उभी असताना हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. तो निळा रंग परका वाटेना.

जुनाखोड

निळाई, फार सुंदर लिहिलंस. नीळ इकडून गेली आणि ठसाही आपल्याच छिटांच्या नादाने तिकडे रुजला. यावर स्वतंत्र लेख लिही.

सुतारपक्षी

उशिरा येतोय. कातरवेळ, तुमच्या बाबांसाठी उत्तर एकच: झायफेन. मी लाइपत्सिगला इमारतींच्या डागडुजीच्या कामात आहे, लाकडाशी रोजचा संबंध, म्हणून खात्रीने सांगतो.

झायफेन सॅक्सनीत, चेक सीमेला लागून, एर्ट्सगेबिर्गच्या डोंगरात. गाव मूळचं कथिलाच्या खाणीचं. खाणी आटत गेल्या तसे खाणकामगार लाकडाकडे वळले, आणि ज्या पाण्याच्या जोरावर खनिज कुटायचे त्याच जोरावर लेथ फिरवू लागले. १८०० च्या सुमारास तिथे कातकामाची एक तऱ्हा निघाली ती याच भागाची. नाव राइफेनड्रेएन.

स्प्रूसचा ताजा ओंडका पाण्यात भिजवून ठेवलेला असतो. त्याची जाड चकती लेथवर चढवतात. कातारी लांब दांड्याचं हत्यार बगलेत दाबून धरतो आणि चकतीवर गोल गोल खोबणी पाडत जातो. ओल्या लाकडाची लांबच लांब सालटी उडतात, पाण्याचे थेंब अंगावर येतात. एका बाजूने पाय आणि पोट कातून झालं की चकती उलटी करून दुसऱ्या बाजूने पाठ आणि डोकं. शेवटी हातात येतं एक जाड कडं, वर-खाली उंचवटे असलेलं. त्यात काय दडलंय ते कुणालाही दिसत नाही. कातणाऱ्यालाही नाही, त्याला ते मनात धरूनच सगळं काम करावं लागतं. मग तो कड्यावर सुरी धरतो आणि हातोडीने ठोका देतो. फोड अलग होते, आणि छेदात घोडा उभा असतो. मान, पाठीचा खळगा, पोट, पाय. एका कड्यातून असे चाळीस-पन्नास निघतात. पुढे सुरीने कडा गोलावायच्या, कान-शेपटी चिकटवायची, रंगवायचं.

आता हे काम करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. गावच्या खुल्या संग्रहालयात जुनं पाणचक्कीचं लेथघर आहे, तिथे समोर करून दाखवतात. आणि कोणी लेथ जाणणारा आला की त्याच्याशी वेगळं बोलतात. भाषा लागत नाही, हत्यार धरण्याच्या पद्धतीवरून ओळख पटते.

जुनाखोड

पण एकेक घोडा सरळ कोरायचा सोडून हा उपद्व्याप कशासाठी? कड्यातून काढलेल्या जनावरात कोरीव जनावराचा जिवंतपणा येतो का?

सुतारपक्षी

@जुनाखोड, पोटासाठी. बायबलमधल्या नोहाच्या नावेच्या खेळण्यांचे संच परदेशी जायचे, त्यात जनावरांच्या जोड्या ढिगाने लागत आणि भाव अगदी कमी मिळे. एकेक कोरत बसलं असतं तर उपाशी मेले असते. घरची मुलंसुद्धा रंगकामाला बसवलेली असत, तो इतिहास संग्रहालयात न झाकता मांडलाय. जिवंतपणाचं म्हणाल तर पारखी नजरेला कड्यावरूनच कातारी कळतो. बैलाची मान ज्याने खाली झुकवलीय तो वेगळा आणि ज्याने ताठ ठेवलीय तो वेगळा.

आणि हा भाग डिसेंबरमध्येच बघावा. खाणकामगार अंधारात खाली जायचा, अंधारातच वर यायचा, आठवडाभर उजेड दिसत नसे. म्हणून इथे नाताळात प्रत्येक खिडकीत उजेड. घरात जितके मुलगे तितके मेणबत्ती धरलेले लाकडी खाणकामगार, जितक्या मुली तितके देवदूत. सगळा डोंगर खिडक्याखिडक्यांनी उजळलेला असतो. मेणबत्त्यांच्या उबेने फिरणारे मजल्या-मजल्यांचे पिरॅमिड, तोंडातून धूप सोडणारे बाहुले, सगळं इथलंच. अक्रोडफोड्या राजाही याच गावात, फ्युख्टनर नावाच्या कातारी घराण्यात १८७० च्या सुमारास घडला.

कातरवेळ

@सुतारपक्षी, हे बाबांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी दोन प्रश्न विचारलेत. ओलं लाकूड वाळताना तडकत कसं नाही? आणि लाख लावतात का?

सुतारपक्षी

तुमच्या बाबांना नमस्कार सांगा, प्रश्न कारागिराचेच आहेत. कडं ओलं असतानाच चिरून फोडी करतात आणि मग वाळवतात. छोट्या तुकड्यात ताण साठत नाही. लाख नाही, रंग कुंचल्याने. फिरत्या लेथवर लाखेची कांडी धरून रंग चढवणं ही आपली तऱ्हा तिकडे नाही. बाबांनी येताना लाखेच्या दोन कांड्या आणि एखादं रंगवलेलं फळ पिशवीत टाकावं, तिथला कातारी ते नक्की हातात घेऊन बघेल.

घाटवाटा

अवांतर: रस्त्यात काळी रुंद पायांची विजार, काळी मोठी टोपी आणि पिळाची काठी घेतलेली तरुण मंडळी दिसली तर ते कोण याबद्दल कोणीतरी लिहा.

सुतारपक्षी

फिरस्ते कारागीर. त्याला वाल्त्स म्हणतात. सुतार, छप्पर घालणारे, गवंडी वगैरे उमेदवारी संपवून तीन वर्षं आणि एक दिवस घराबाहेर पडतात. गावाच्या पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. लग्न झालेलं नसावं, कर्ज नसावं, वय तिशीच्या आत. प्रवासाला आणि मुक्कामाला पैसे मोजायचे नाहीत, मिळेल त्या गाडीने जायचं, काम करून खायचं. जाकिटाची आठ बटणं म्हणजे दिवसाचे आठ तास, कोटाची सहा म्हणजे आठवड्याचे सहा दिवस. वहीत गावोगावच्या कचेरीचे शिक्के घेतात. आमच्या साइटवर अशी एक छप्परकारीण आली होती, कौलांच्या कडेचं शिशाचं काम तिने जे केलं ते आमच्यापैकी कुणाला जमत नव्हतं. जुन्या संघटना बायकांना घेत नाहीत, नंतर निघालेल्या काही घेतात, आणि कित्येक जणी कुठल्याच संघटनेविना निघतात. असे कोणी भेटले तर जेवायला बोलवा, ते नाही म्हणत नाहीत.

वाटाड्या

न्योर्डलिंगेनला चर्चच्या मनोऱ्यावरचा रखवालदार रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाने अजून हाळी देतो. हाताशी एक रात्र असेल तर तिथे मुक्काम करा.

चिमणचारा

आणि सॅक्सनीत जाताच आहात तर बाउत्सेनच्या बाजूचे सॉर्ब लोकही बघा. स्लाव्ह भाषा बोलणारा छोटा समाज. हंसाच्या पिसाचं टोक त्रिकोणी कापून, वितळलेल्या मेणात बुडवून अंड्यावर ठिपके देतात, रंगात बुडवतात, परत मेण. शेवटी ज्योतीशी धरून मेण पुसतात. काम ईस्टरच्या आधीचं, पण अंडी हिवाळ्यातही बघायला मिळतात. माझ्या मुलीला क्राम्पुसपेक्षा हे कितीतरी आवडलं.

कातरवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात झायफेन आणि बाउत्सेन नक्की. क्राम्पुसला नाही जाणार, आईला गर्दी सोसत नाही. हेमंतऋतू, १३ जानेवारीला उर्नेशला यायचं मनात आहे. अरण्यक यांचं म्हणणं धरून विचारते: ओळखीशिवाय आलो तर कुठे उभं राहावं म्हणजे कुणाच्या मध्ये येणार नाही?

हेमंतऋतू

गावातल्या खानावळीत थांबा, ख्लॉइझे तिथेही येऊन गातात आणि तिथे बाहेरचं माणूस कुणाला खुपत नाही. गाणं चालू असताना बोलायचं नाही, संपल्यावर टाळ्या वाजवायच्या नाहीत. आमच्याकडे मुक्कामाला या, बाबांना घंटांचे चामडी पट्टे शिवणाऱ्याकडे घेऊन जाऊ.

सुतारपक्षी

झायफेनला केम्निट्सहून ओल्बर्नहाऊपर्यंत रेल्वे, पुढे बस. अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या, शनिवार-रविवारी गाव माणसांनी फुलून जातं, लेथपाशी उभं राहायला जागा मिळत नाही. मधल्या वारी जा, सकाळी. लेथघर कोणत्या दिवशी चालू आहे ते आधी संग्रहालयाला फोन करून विचारा, आणि विचारताना सांगा की वडील कातारी आहेत.